पूर ओसरल्यावर भरपाई कुणाच्या दारापर्यंत पोचते? (सत्तरी, डिचोली, काणकोण आणि थोडं न्यू ऑर्लिन्स)

म्हादयकाठ (धागाकर्ता)

गोव्यात पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई झाली का, साखळी शहरातले पुराचं पाणी उपसायचे पंप चालू आहेत का, यावर पुष्कळ लिहिलं जातं. हा धागा पाणी ओसरल्यानंतरच्या काळाबद्दल आहे.

२ ऑक्टोबर २००९ चा काणकोणचा पूर, ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाच्या पाण्याने साळ-इब्रामपूर भागात आलेला पूर, आणि २३ जुलै २०२१ ला पैकुळचा पूल घेऊन गेलेला पूर. दर वेळी चर्चा एकच: नुकसान किती, सरकारने किती दिले. कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, यावर फारसं कुणी बोलत नाही. शेजारच्या दोन घरांत पाणी सारखंच चढतं. एक घर पुढच्या मेपर्यंत उभं राहतं, दुसऱ्यावर वर्षानुवर्षं निळी ताडपत्री.

आधी दर सांगतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही. केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी २०२२-२६ या काळाकरिता ठरवलेले:

पूर्ण पडलेलं घर, पक्कं असो वा कच्चं: सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००.
अंशतः पडलेलं (किमान १५ टक्के नुकसान): पक्क्याला ६,५००, कच्च्याला ४,०००.
झोपडी: ८,०००.
घराला जोडलेला गोठा: ३,०००.
कपडे २,५०० आणि भांडीकुंडी २,५००, दर कुटुंबाला.
दुभती गाय किंवा म्हैस: ३७,५००, एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन.

२०२१ च्या पुराच्या वेळी जुना दर होता, पूर्ण पडलेल्या घराला ९५,१००.

आता त्याच नियमांतली एक ओळ: पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं हवं. गोव्यात मुंडकाराचं घर (जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची), कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक) जमिनीवरचं घर, अभयारण्यातलं घर, आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) जमिनीवरचं घर या ओळीपाशी येऊन थांबतं. आणि अशा घरांत कोण राहतं हे वेगळं सांगायला नको.


सरळसोट

सांगायला हवं, कारण मला हा सूर पटत नाही. पाणी भाटकाराच्या घरात शिरतं आणि मुंडकाराच्याही. आपत्तीत जात-वर्ग आणला की मदतीतही राजकारण येतं. कागद नसेल तर तलाठी तरी काय करणार? उद्या कुणीही नदीत पत्रे ठोकेल आणि भरपाई मागेल.


चिरेबंदी

सरळसोट, नदीत पत्रे ठोकणाऱ्याचा प्रश्न खरा आहे, पण इथे त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तीन पिढ्या एकाच पायावर राहणाऱ्याकडे कागद का नसतो, ते बघू.

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. जमीन भाटकाराची, घर मुंडकाराचं. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने हुसकावून लावण्यापासून संरक्षण दिलं, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला (पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, पालिका क्षेत्रात २००). पण त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करून मुंडकार असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि हे दावे वर्षानुवर्षं चालतात. दावा चालू असताना घर पडलं तर?

जागेचंही बघा. बागायतीची राखण करायला भाटकाराने घर बांधायला दिलं ते कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला, नदीकडच्या उतारावर. त्याचा स्वतःचा वाडा वरच्या अंगाला. पाणी दोघांकडे शिरलं तरी खाली आधी शिरतं आणि उशिरा उतरतं. खालचं घर मातीचं, वरचं चिऱ्याचं. यात राजकारण कुणी आणायची गरज नाही, ते नकाशातच आहे.


म्हादयकाठ

मातीच्या घराचा मुद्दा निघालाच आहे तर पंचनाम्याबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

मातीची भिंत पुरात उभी असते आणि पाणी उतरल्यावर पडते. पाणी बाहेरून झपाट्याने जातं, पण भिंतीने ते पिऊन घेतलेलं असतं. ओल्या मातीला छपराचा भार झेपत नाही, त्यात पायाजवळची माती वाहून गेलेली. ऊन पडून एक बाजू आकसली की भेगा जातात आणि दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, भिंत बसते. तलाठी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी येऊन गेलेला असतो. त्याने लिहिलेलं असतं "कच्चे घर, अंशतः नुकसान". म्हणजे ४,०००. घर त्यानंतर पूर्ण पडलं तरी कागदावर ४,००० च.

म्हणून पंचनाम्यानंतर भिंत पडली तर त्याच दिवशी मामलेदार कार्यालयात पुरवणी पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर सांगितलेलं कुठेच नोंद होत नाही. आणि भिंतीला भेगा दिसत असतील तर पहिल्याच पंचनाम्यात "भिंती भिजलेल्या, भेगा गेलेल्या, घर राहण्यास धोकादायक" हे शब्द लिहून घ्या. सहीच्या आधी वाचायचा हक्क तुम्हाला आहे. घाईत असलेल्या माणसाला थांबवायचा संकोच वाटतो, पण ही घाई महाग पडते.

दुसरी मेख "झोपडी" या रकान्यात. मातीच्या भिंती आणि वर पत्रे किंवा प्लास्टिक असलेलं घर कच्चं धरायचं की झोपडी, हे जागेवरचा माणूस ठरवतो. पूर्ण पडलेल्या कच्च्या घराला १,२०,०००, झोपडीला ८,०००. भिंत मातीची आहे, चौथरा आहे, दाराला चौकट आहे, घराला क्रमांक आहे, हे सगळं फोटोत आणि पंचनाम्यात आलं पाहिजे.

तिसरी मेख: कपडे-भांड्यांची मदत घर वाहून गेलेल्यांना, पूर्ण पडलेल्यांना किंवा घरात दोन दिवसांहून जास्त पाणी राहिलेल्यांना. आपल्या नद्या आखूड, घाटातून सरळ उतरतात. पाणी रात्री चढतं आणि दुसऱ्या संध्याकाळी उतरतं. गाद्या, तांदूळ, फ्रीज, मुलांची पुस्तकं सगळं गेलेलं, आणि नियमात बसत नाही! ही अट आठवडाभर पाणी साचणाऱ्या मैदानी मुलखाकडे बघून केलेली दिसते. राज्य सरकारला स्वतःच्या पैशातून वेगळं देता येतं. तसं मागितलं पाहिजे.


अंत्रुजकार

फोटो कसे काढायचे तेही लिहा. लोक आधी घर धुऊन काढतात आणि मग पुरावा शोधतात.

धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, शेजारी टेप धरून. घराचा क्रमांक दिसेल असा एक फोटो दारासकट. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे. छपराचं नुकसान असेल तर आतून वर बघून, वासे आणि रीपा दिसतील असा. फुटलेली कौलं ढिगात टाकण्याआधी मोजून ठेवा. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला, कानातल्या बिल्ल्याचा फोटो. त्याशिवाय ३७,५०० विसरा.

आणि १०७७ वर, जिल्हा आपत्कालीन कक्षाला, फोन करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. अमुक तारखेला कळवलं होतं याचा तो पुरावा.


लुईझियानाकडून

मी मूळची डिचोलीची, राहते अमेरिकेत, नगरनियोजनात काम करते. धागा वाचून इथली गोष्ट लिहावीशी वाटली, कारण साम्य चकित करणारं आहे.

कॅटरिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ ला आलं. बंधारे फुटले, न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. घर पुन्हा बांधायला "रोड होम" नावाची योजना आली, एका घराला कमाल दीड लाख डॉलर. अनुदान कसं ठरायचं? वादळाआधीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतला जो आकडा कमी असेल तो धरायचा, त्यातून विमा आणि इतर मदत वजा. ऐकायला न्याय्य वाटतं. आता समजा दोन घरं हुबेहूब सारखी, दुरुस्तीचा खर्च दोन्हीकडे दीड लाख. गोऱ्यांच्या वस्तीतल्या घराची किंमत दोन लाख, काळ्यांच्या वस्तीतल्याची साठ हजार, कारण वस्ती काळी आहे म्हणून तिथे पिढ्यानपिढ्या बँकांनी कर्ज दिलं नाही, भाव चढले नाहीत. पहिल्याला दीड लाख, दुसऱ्याला साठ हजार. सिमेंट, लाकूड, मजुरी मात्र दोघांना एकाच भावाने. सूत्रात वंश हा शब्दही नव्हता.

२००८ मध्ये खटला झाला, २०११ मध्ये सुमारे ६.२ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. तोवर बहुतेक पैसा वाटून झाला होता.

लोअर नाइन्थ वॉर्ड ही काळ्यांची वस्ती. घरं बरीचशी स्वतःच्या मालकीची, आजोबांकडून आलेली, कर्जमुक्त. हे चांगलंच की! पण कर्ज नाही म्हणून पूरविम्याची सक्ती नाही, आणि वारसानोंद कधी केलीच नाही म्हणून मालकी सिद्ध होत नाही. घर आजीच्या नावावर, आजी १९७० च्या दशकात वारलेली, वारस पंधरा, चार राज्यांत पसरलेले. लुईझियानाचा वारसा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा, तुमचा पोर्तुगीज. गोव्यात मुलांचा हिस्सा सहजासहजी डावलता येत नाही, इथेही १९९६ पर्यंत तसंच होतं, त्यामुळे सह्या वाढत जातात.


सरळसोट

हे वाचून थोडा विचारात पडलो, कबूल. पण तिथे बाजारभावाचं सूत्र होतं, आपल्याकडे दर सगळ्यांना सारखा. मग तुलना कशी?


चिरेबंदी

दर सारखा, पण दारात येण्याची अट वेगळी. तिथे किंमत चाळणी होती, इथे उतारा. आणि चाळणीतून कोण गळतं ते आधीपासून ठरलेलं असतं.

अभयारण्याचं उदाहरण घ्या. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं, गावं त्याआधीपासूनची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा मान्य झाला की घराखालच्या जागेला हक्काचा कागद येतो. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत घेतलं. त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जागा ताब्यात असल्याचं आणि उपजीविका वनावर असल्याचं दाखवायचं. धनगर-गवळी समाजाची तीच मागणी अजून लटकलेली आहे, म्हणून त्यांना "इतर पारंपरिक वननिवासी" या वर्गातून यावं लागतं: तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करा. १९३० पर्यंत मागे जाणारा कागद, तोही पोर्तुगीज काळातला, डोंगरावर गुरं राखणाऱ्या कुटुंबाने कुठून आणायचा? एकाच डोंगरावर, एकाच पावसात छप्पर उडालेली दोन घरं, आणि कायद्याच्या दोन वेगळ्या पायऱ्या.

कायद्याच्या नियमांत वयस्कर माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो, जुन्या घरांच्या, देवस्थानांच्या, दफनभूमीच्या खुणा धरल्या जातात. मात्र एकाच प्रकारचा पुरावा चालत नाही, किमान दोन हवेत. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने जागेवर येऊन नोंद करायची असते. पावसाळ्याआधी हे करून घ्या.


कोर्टाची पायरी

मी वकिली करतो, अशी प्रकरणं हाताळतो. मुंडकारांसाठी व्यवहार्य गोष्टी सांगतो.

घरदुरुस्ती हा मुंडकाराचा कायदेशीर हक्क आहे. पंचायत तरीही भाटकाराचा ना हरकत दाखला मागते आणि भाटकार तो देत नाही. तो दुष्ट असतो असं नाही. त्याच्या वकिलाने सांगितलेलं असतं की दाखला दिलास तर मुंडकारपण कबूल केल्यासारखं होईल. यावर साधा उपाय म्हणजे दाखल्यातच असं वाक्य घालायचं: "सदर संमती केवळ पुराने पडलेल्या घराच्या दुरुस्तीपुरती असून दोन्ही पक्षांच्या हक्कांना व प्रलंबित दाव्याला कोणतीही बाधा येणार नाही." बरेच भाटकार एवढ्यावर सही करतात.

नाहीच केली तर पंचायतीला अर्ज देऊन लेखी नकार मागा. तोंडी "होत नाही" घेऊन घरी जाऊ नका. लेखी नकारावर अपील करता येतं.

घर पूर्ण पडलं असेल तर जुना पाया हलवू नका. चिरे गोळा करून दुसऱ्या कोपऱ्यात नवी खोली उभी केली की "जुनं घर संपलं, हे नवं अतिक्रमण" असा युक्तिवाद येतो. पायाच्या चारही कोपऱ्यांचे फोटो, मोजमाप, पंचांच्या सह्या. त्याच रेषेवर बांधा, चौथरा हवा तर उंच करा, क्षेत्रफळ वाढवू नका. सगळ्यात आधी तात्पुरत्या पत्र्यांचा आसरा त्याच पायावर घाला. कुटुंब दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे वर्षभर राहिलं की ताबा सोडल्याचा दावा तयार होतो.

कोमुनिदादीच्या किंवा स्वतःच्या जमिनीवरच्या विनापरवाना घरांसाठी वेगळे रस्ते आहेत. २०१६ च्या नियमितीकरण कायद्यात २८ फेब्रुवारी २०१४ ही कट-ऑफ तारीख आहे. घर त्याआधीचं असल्याचा पुरावा म्हणजे जुनी वीजबिलं, घरपट्टी, मतदारयादी. पुरात हीच कागदपत्रं भिजतात. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.


वाळवंटीची लेक

भाडेकरूंबद्दल कुणी बोललं नाही. साखळी, वाळपई, डिचोलीत नदीकाठच्या स्वस्त खोल्यांत कोण राहतं? कर्नाटकातून आलेले बांधकाम मजूर, झारखंड-ओडिशाची मुलं. आपण त्यांना एका शब्दात "भायले" (बाहेरचे) म्हणून मोकळे होतो. मुंडकारांसाठी इतकं पोटतिडकीने लिहिणारे इथेच गप्प होतात, हेही लिहून ठेवते.


सरळसोट

ताई, भायल्यांना घराची भरपाई द्यायची का? घर त्यांचं नाहीच.


वाळवंटीची लेक

घराची नाही, बाब. कपडे-भांड्यांची मदत घरमालकाला नसून कुटुंबाला आहे. एका चाळीत सहा खोल्या असतील तर सहा कुटुंबं. पंचनाम्यात मात्र मालकाचं एकच नाव येतं. मालक भाडेकरू दाखवत नाही, कारण खोल्या विनापरवाना असतात किंवा भाड्याची कुठे नोंद नसते.

काम सोडून पंचनाम्याला हजर राहणं मजुराला परवडत नाही, एक रोज बुडतो. म्हणून एकाच माणसाने सगळ्या खोल्यांची यादी करावी: कुटुंबप्रमुख, माणसं, आधार, किती उंच पाणी, किती वेळ. पोलिसांकडे भरलेला भाडेकरू पडताळणीचा अर्ज असेल तर त्याची प्रत जोडा. जाच वाटणारा तो अर्ज इथे राहत असल्याचा एकमेव सरकारी पुरावा ठरतो. आणि भाषेची अडचण असते. कन्नड येणारा एखादा शेजारी तलाठ्यासोबत फिरला तर निम्मं काम होतं.


अंत्रुजकार

विहिरींचं राहिलं. एका वाड्यावर पाच विहिरी पण साफ होते ती भाटकाराचीच, कारण पंप त्याच्याकडे. बाकीचे तेच गढूळ पाणी उकळून पितात.

आधी गाळ-पाणी उपसा. मग विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. ३.१४ × व्यास × व्यास × खोली ÷ ४ = घनमीटर पाणी. दर घनमीटरला (१,००० लिटर) २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ घनमीटर, ७० ग्रॅम पावडर. पुरानंतर पाणी घाण असतं, इतकी पावडर पुरत नाही. दुप्पट घेऊन सुरुवात करा. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत काढून विहिरीत सोडा आणि ढवळा. चुन्याचा साका टाकू नका, पाणी जड होतं. एक तासाने तपासणी: क्लोरीन दर लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुन्हा मात्रा. आरोग्य केंद्राकडे तपासणीचा संच असतो, मागा. उघडं पोतं वर्षभर कोपऱ्यात पडलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो, ते वापरू नका.

चिखल काढताना रबरी बूट. उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो, ताप आला तर चिखलात काम केल्याचं डॉक्टरला आधी सांगा.


लुईझियानाकडून

कागदाच्या अटीबद्दल एक भर. अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती खात्याने २०२१ मध्ये नियम सैल केले. मालकीचा दस्तऐवज नसेल तर घराच्या मोठ्या दुरुस्तीच्या पावत्या चालतात, आणि वारसाहक्काच्या घरांसाठी, बाकी काहीच नसेल तर, स्वतःचं निवेदन चालतं. कॅटरिनानंतर सोळा वर्षांनी. गोव्यात हेच मागता येईल: मदतीपुरतं, मालकी न ठरवता, घरपट्टी + वीजबिल + क्षतिपूर्ती बंधपत्र (दावा चुकीचा निघाला तर भरून देण्याची लेखी हमी). मदत दिली म्हणून जमिनीचा हक्क मिळत नाही, हे आदेशातच लिहावं. मग भाटकाराचीही हरकत उरत नाही.

आणि "नदीकाठची वस्ती हलवा" अशी सूचना आली तर सावध राहा. न्यू ऑर्लिन्समध्ये जानेवारी २००६ मध्ये एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. काही वस्त्यांवर हिरवे ठिपके, म्हणजे इथे पुढे उद्यान. लोकांना आपली वस्ती उठणार हे पेपरात कळलं. ब्रॉडमूर या मिश्र वस्तीने घरोघर जाऊन कोण परतणार याची यादी केली, स्वतःचा आराखडा तयार केला आणि ती वस्ती परतली. त्यांच्यात वकील होते, शिक्षक होते, विद्यापीठाशी ओळखी होत्या. लोअर नाइन्थ वॉर्डात आजही मोकळे प्लॉट आहेत.


सरळसोट

एक प्रश्न राहिला. आमच्या वाड्यावर एक घर आहे, मालक वारले, चार भाऊ, दोघे पोर्तुगालला. इन्व्हेंटरी (वारसांमधली न्यायालयीन वाटणी) झालेली नाही. राहतो तो धाकटा. त्याने आत्ता काय करून ठेवावं?


कोर्टाची पायरी

इन्व्हेंटरीची वाट बघू नये, त्याला वेळ लागतो आणि भावांबरोबर त्यांच्या बायकांचाही हिस्सा येतो, सगळ्यांची गरज पडते. आत्ता एवढं: वडिलांचा मृत्यू दाखला, घरपट्टीच्या गेल्या काही वर्षांच्या पावत्या (धाकट्याने भरलेल्या असतील तर त्याच्या नावाने पोच), पंचायतीचा रहिवास दाखला. पोर्तुगालच्या भावांकडून फक्त "आपत्तीची मदत धाकट्याने घ्यावी, वाटणीशी संबंध नाही" एवढ्यापुरतं मुखत्यारपत्र, भारतीय दूतावासातून साक्षांकित. गोव्यात आल्यावर त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, तीन महिन्यांच्या आत. ते दोघे गणपतीला येणार असतील तर इथेच नोटरीकडे करून घ्या, पण मग या पावसाळ्याला ते उपयोगी पडणार नाही.